नवा जिल्हा, नवा चेहरा

९ जानेवारी, संध्याकाळ

ठरलं. मी राजकारणात उतरणार.

आज अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर पानटपरीवर गर्दी होती. रेडिओवर ‘नानाचा ओटा’ लागला होता. केरबा नाना म्हणजे मी, अमृतराव. गेली दहा-बारा वर्षं परभणीच्या रेडिओवर मी नाना होतो आणि सरजाबाई कांबळे नावाच्या एक नर्सबाई माझी बायको धुरपता होतात. नाना शेतातलं काहीतरी चुकीचं करतो, धुरपता त्याला झापते, आणि शेतकऱ्यांना बरोबर काय ते कळतं. मराठवाड्यात नाना माहीत नाही असं घर नाही.

मागं उभा राहून ऐकत होतो. एक म्हातारा हसता हसता खोकायला लागला. मी जरा पुढं सरकलो तर एकानं कोपरानं मागं सारलं. म्हणाला, “सरका की मालक, नानाला ऐकू द्या.” म्हणजे नानाला ऐकण्यासाठी लोक खुद्द नानाला ढकलतात. याला म्हणतात पॉप्युलॅरिटी.

धर्माबादच्या पलीकडच्या राज्यात एक नट मुख्यमंत्री झाला. त्याला गावोगाव फिरून ओळख पटवावी लागली असेल. माझा आवाज तर घराघरात आधीच बसलेला आहे. आता फक्त तोंड दाखवायचं. मार्चमध्ये विधानसभा आहे.

उद्यापासून रोज अग्रलेख वाचायचा. पान बंद. बायकोला, सिंधुला, योग्य वेळ बघून सांगायचं.

१० जानेवारी

एसटी बंद पडल्यामुळे पेपर आला नाही. अग्रलेख राहिला. पान खाल्लं, कारण जनतेचा कानोसा टपरीवरच लागतो.

१४ जानेवारी, संक्रांत

सिंधुला सांगितलं. वेळ योग्य नव्हती. ती गिरणीत होती, भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या. गिरणी तीच चालवते. मला कलेमुळे वेळ मिळत नाही. तिला वाटलं मी पट्टा बदलायचं म्हणतोय. दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं तेव्हा तिनं मोटार बंद केली. दळणाला आलेल्या बायकांनीही ऐकलं, म्हणजे ती एका अर्थी जाहीर घोषणाच झाली.

सिंधु म्हणाली, “नाना चुकतो मनून लोक हसतात. आमदार चुकल्यावर कोण हसंल?”

तिला पॉलिटिक्स कळत नाही. चांगली बाई आहे.

१७ जानेवारी, परभणी

रेकॉर्डिंग. चहाच्या वेळी सरजाबाईंना सांगितलं. त्या आनंदानं उडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी बशीतला चहा संपवला. मग म्हणाल्या, “भाऊ, लोक नानाचं ऐकतात, कारण नानाला त्यांच्याकडून काही नको असतं. तुम्ही मत मागितलं की नानाला काहीतरी पाहिजे झालं.”

मी म्हणालो, म्हणजे कलावंतानं राजकारणात यायचंच नाही का? दुष्काळ आहे, लोक बेजार आहेत, आपण काय बैलाचे किस्सेच सांगत बसायचं?

त्या म्हणाल्या, “यावं की. कोण नाही म्हणतं. पण अमृतराव म्हणून उभे राहा. नानाला घरी ठेवा.”

थोडा हेवा असणार. स्वाभाविक आहे. धुरपता कुणी उभी करणार नाही.

केंद्रावरच्या साहेबांनी नियम सांगितला: अर्ज भरला की उमेदवाराचा आवाज रेडिओवर जाणार नाही. मी त्यांना म्हणालो, तुमच्या कार्यक्रमाचं काय होईल याची मला काळजी वाटते. ते म्हणाले, बघू काहीतरी. बिचारे.

२४ जानेवारी, लातूर

शेषेरावबरोबर आलो. शेषेराव म्हणजे तालुक्यातला मुरलेला कार्यकर्ता, आमचे सध्याचे आमदार आप्पासाहेब यांच्या जीपमध्ये पुढं बसणारा. परवा स्वतः होऊन गिरणीवर आला. म्हणाला, “अमृतराव, तुमच्यासारखा कलावंत घरी बसला तर समाजाचं नुकसान हाय.” मी विचारलं, पण तुमचे आप्पासाहेब? तो म्हणाला, लोकशाही हाय, साहेब लई मोठ्या मनाचे हायेत. असे विरोधक असतील तर राजकारण किती सुंदर होईल.

लातूर आता जिल्हा झाला. नवं कलेक्टर ऑफिस, नव्या पाट्या, नव्या जीपा. नळाला मात्र पाणी नाही. रेस्ट हाऊसच्या खानसाम्यानं तांब्या अर्धाच भरून दिला.

आप्पासाहेबांच्याच पक्षाचे निरीक्षक तिकिटं ठरवायला मुंबईहून आले होते. सकाळपासून बसलो, दुपारी आत बोलावलं. मी विकासाचा प्लॅन सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले आधी तो बैल विकायचा किस्सा होऊन जाऊ द्या. केला. पोट धरून हसले. शेजारच्या खोलीतल्यांना बोलावलं, परत केला. मग ड्रायव्हर लोकांसाठी परत. प्लॅन सांगायला घसा राहिला नाही. निघताना निरीक्षकांनी पाठीवर थाप मारली, म्हणाले, “असंच हसवत राहा.”

तिकीट जवळजवळ पक्कं.

२९ जानेवारी

तिकीट आप्पासाहेबांना मिळालं. विरोधी आघाडीकडून ज्ञानोबा मास्तर. मास्तर म्हणजे रिटायर झाल्यापासून टँकर, टँकर करत तहसीलसमोर बसणारा माणूस. भाषण अगदी कोरडं. माईकसमोर सुद्धा फळ्याकडं बघत असल्यासारखा बोलतो.

शेषेराव म्हणाला, अपक्ष उभे राहा, कलावंत कुणाच्या दावणीला बांधून घेत नसतो. हा विचार माझ्याही मनात आला होता. त्यानं फक्त आधी बोलून दाखवला.

४ फेब्रुवारी

अर्ज भरला. घोषणा मी स्वतः तयार केली: ‘नवा जिल्हा, नवा चेहरा’. शेषेरावला फार आवडली. त्यानं प्रचारासाठी जीप मिळवून दिली आणि गावंही ठरवून दिली. येलमवाडी आणि त्या पट्ट्यातली सगळी. मी म्हणालो, हा तर मास्तरांचा भाग. तो म्हणाला, “मनूनच की. तिथंच तुमचे फॅन जास्त हायेत.” दूरदृष्टीचा माणूस आहे.

सिंधु म्हणाली, त्यो शेषेराव मास्तरची मतं खायला तुमाला उभं करून राहिलाय. मी तिला समजावलं की सगळ्यांकडं संशयानं बघू नये. ती दळायला लागली. गिरणी सुरू झाली की वाद आपोआप संपतो.

९ फेब्रुवारी

चिन्ह मिळालं. मी रेडिओ मागितला होता. मिळाली छत्री.

जरा वाईट वाटलं. मग विचार केला की छत्री म्हणजे पावसाची आशा. यातून फार मोठा संदेश देता येईल.

सिंधु म्हणाली, “दोन वरसं झाले पाऊस न्हाई. छत्री घेऊन हिंडलात तर लोक दगडं मारतील.”

११ फेब्रुवारी

पोस्टर लागले. फोटो तरुणपणाचा टाकला, कारण आवाज तरुण आहे. बाजारात एका पोस्टरसमोर एक बाई थांबून बघत होती. मी जवळ गेलो. तिनं मला विचारलं, “हे कवा हरवले हो?”

फोटोग्राफरची चूक आहे. बॅकग्राउंड फार पांढरं घेतलं.

१३ फेब्रुवारी

पहिली सभा. सरजाबाईंचं म्हणणं एकदा करून बघावं म्हणून स्वतःच्या आवाजात, शुद्ध भाषेत बोललो. नव्या जिल्ह्याचं प्रशासन, सिंचनाचा बॅकलॉग, मराठवाड्यावरचा अन्याय. भाषणाचा अभ्यास उत्तम होता.

सुरुवातीला पारावर जागा नव्हती. शेवटी पार दिसायला लागला. राहिलेल्यांत एक म्हातारा होता. त्यानं हात वर केला. मला वाटलं बॅकलॉगबद्दल प्रश्न आहे. तो म्हणाला, “नाना किती वाजता येणार हाय?”

मी म्हणालो, मीच नाना. तो निवांत हसला आणि म्हणाला, बरं बरं, आम्ही थांबतो.

श्रोते विचारी होते. शांतता होती.

१६ फेब्रुवारी

आज नानाच्या आवाजात बोललो. पहिल्याच वाक्याला, “राम राम मंडळी, धुरपता घरी हाय, आपण जरा मोकळं बोलू,” म्हटल्याबरोबर टाळ्या. घरांवर माणसं चढली. जीपच्या टपावर पोरं बसली. इतकी गर्दी आप्पासाहेबांनाही मिळाली नसेल.

मग मी मुद्द्यावर आलो. नानाच्याच आवाजात म्हणालो, गावात टँकर येईना गेलाय. लोक हसले. म्हणालो, जनावरं छावणीला नेऊन बांधलीत. जास्त हसले. म्हणालो, बाया हिरीत उतरून वाटीनं पाणी भरतेत. एक जण हसता हसता शेजाऱ्याच्या मांडीवर पडला.

मला राग आला. म्हणालो, हसू नका. त्यावर तर पाराच्या मागची माणसंही हसली. मी म्हणालो, मी खरं बोलतोय, ही तुमचीच विहीर आहे. त्यांना वाटलं आता धुरपता येऊन मला झापणार. ते तिची वाटच बघत होते. मी घाम पुसला, त्यालाही हसले.

सभा यशस्वी. मात्र घसा बसला आणि डोकं फार दुखतंय. या लोकांना दुःख कशातून सांगावं?

१९ फेब्रुवारी, येलमवाडी

इथं गर्दी नव्हती. सगळ्या बायका विहिरीवर होत्या. विहीर खोल, तळाला ओल. एक जण आत उतरून वाटीनं घागर भरत होती, बाकीच्या वर रांगेत. आत उतरलेली बाई गरोदर होती. सहावा-सातवा असेल.

तिची सासू केवळाबाई काठावर बसलेली. डोळ्यांनी कमी दिसतं. मी नमस्कार करून छत्रीचं सांगितलं, तिनं मान वळवली नाही. शेषेराव कानात म्हणाला, आवाज काढा. मी नानाच्या आवाजात म्हणालो, काय मावशी, पाणी काढताव का मोती?

ती एकदम वळली. डोळे मिटून म्हणाली, “अजून बोला.” मी बोलत राहिलो. तिनं हात पुढं करून माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांत मला नाना म्हणून ओळखणारी पहिली बाई. म्हणाली, तुमी सांगितलं मनून आमी बियाणाला औषध लावलं होतं. तुमी सांगितलं मनून लेकराला टोचून आणलं. मग म्हणाली, “नाना, सूनबाईला हिरीत उतरायची पाळी येऊ नये, इतकं बगा. दुसरं काई नगं.”

मी शेषेरावकडं बघितलं. तो म्हणाला, सांगा सोमवारपासून टँकर. मी म्हणालो, नक्की का? तो म्हणाला, तुम्ही सांगा तर.

मी नानाच्या आवाजात सांगितलं. नाना रेडिओवर जसं शेवटी खरं काय ते सांगतो, अगदी तसं. ती म्हणाली, आता झालं, नानानं सांगितलं म्हंजे झालं. विहिरीत वाकून तिनं सुनेला ओरडून कळवलं.

आज पहिल्यांदा वाटलं की राजकारण हे माझंच क्षेत्र आहे.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

वीज गेली होती म्हणून गिरणी बंद. बायकांनी सेलवरचा रेडिओ लावला. ‘नानाचा ओटा’. मला वाटलं दिलगिरी ऐकू येईल. कार्यक्रम झाला. धुरपता एकटीच. नाना घरातून रुसून गेलाय आणि ती शेजारणींना त्याच्या खोड्या सांगते. “गेलाय कुठंतरी मोठा माणूस व्हायला. भूक लागली की येईल.” बायका एकमेकींना टाळ्या देत होत्या. सिंधु पोत्यावर बसून पदरानं डोळे पुसत होती.

कार्यक्रम ठीकच होता. नानाची उणीव जाणवली. मला तरी.

२५ फेब्रुवारी

टँकर आला. येलमवाडीत. शेषेरावनं शब्द पाळला.

टँकरवर आप्पासाहेबांचा फोटो आणि पक्षाचं चिन्ह होतं. मी विचारलं तर म्हणाला, टँकर त्यांच्या भाच्याचा आहे, फोटो काढायला वेळ लागला असता आणि लोक तहानलेले होते. त्याचं बरोबर आहे. पाण्यात राजकारण आणू नये.

ज्ञानोबा मास्तर रस्त्यात भेटले. सायकलवर होते. उतरले. म्हणाले, “अमृतराव, हा टँकर मतदानापर्यंत आहे. मी तहसीलदारांच्या सहीनं कायमचा मंजूर करून घेत होतो. येलमवाडीनं परवाच मला सांगितलं, आता गरज नाही, नाना पाठवतोय.” मी म्हणालो, मास्तर, पाणी महत्त्वाचं, कुणी दिलं हे महत्त्वाचं नाही. ते सायकल हातात धरून थोडं चालले आणि मग बसून गेले.

हरणारा माणूस कडवट होतो.

३ मार्च

प्रचाराचा शेवटचा दिवस. शेषेराव म्हणाला, आप्पासाहेबांच्या सांगता सभेला पाच मिनिटं या, स्टेजवर कलावंताचा सत्कार आहे. मी स्वतः उमेदवार असल्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, सत्काराला पक्ष नसतो.

गेलो. शाल दिली. माईक दिला. आप्पासाहेब कानात म्हणाले, नानानं दोन शब्द बोलावेत. लोक ओरडत होते, नाना, नाना. अशा वेळी कलावंताला नाही म्हणता येत नाही. मी म्हणालो, “धुरपता म्हणती घरात बसा. पर ज्याच्या टँकरचं पाणी पिलं त्याला राम राम तर घालायला पाहिजे का न्हाई?” मैदान दणाणलं.

हा पाठिंबा नव्हता. शिष्टाचार होता. दोन्हींत फरक आहे.

घरी आल्यावर सिंधुनं शाल पाहिली. बोटानं बाजूला सारली. तिला ऊब आवडत नाही.

५ मार्च, मतदान

शाळेत मत देऊन आलो. फाटकापाशी मत देऊन आलेले दोघं जण बोलत होते. एक म्हणाला, मतपत्रिकेवर नानाचं नाव सापडलं नाही, कुणी अमृतराव म्हणून होता. दुसरा म्हणाला, आरं, नाना तर आप्पासाहेबाकडून हायेत, परवा स्टेजवरून सांगितलं की. मी दोघांच्या मधे उभा होतो. सांगणार होतो, पण प्रचार संपलेला असल्यानं नियमात बसलं नसतं.

६ मार्च, लातूर

मोजणी. आप्पासाहेब थोड्या मतांनी आले. ज्ञानोबा मास्तर पडले. माझं डिपॉझिट गेलं. मिळालेली मतं मात्र बहुतेक सगळी येलमवाडीच्या पट्ट्यातली, आणि मास्तर जितक्यांनी पडले त्यापेक्षा ती थोडी जास्त आहेत. म्हणजे निकाल मी ठरवला. पेपरवाल्यांना हा अँगल सांगितला. त्यांनी नाव विचारलं, लिहून घेतलं नाही.

बाद मतांत माझी बरीच असणार. लोकांनी छत्री उघडून बघायच्या नादात शिक्का चुकवला असेल.

११ मार्च

आप्पासाहेबांचं अभिनंदन करायला गेलो. अंगणात गुलाल, बाकी सगळं पाणी मारून थंड केलेलं. शेषेराव दारातच भेटला. घाईत होता. म्हणाला, साहेब आराम करून राहिलेत. येलमवाडीच्या टँकरचं विचारलं. म्हणाला, डिझेलचा प्रॉब्लेम हाय, बघू.

खिडकीतून आप्पासाहेब दिसले. त्यांनी बघून विचारलं, कोण आहे? शेषेराव म्हणाला, कुणी न्हाई, रेडिओवाले. ते म्हणाले, रेडिओ तर चालू हाय की आपला.

विनोदबुद्धी आहे माणसाला.

१४ मार्च

केवळाबाई आली. येलमवाडीहून चालत. विचारत विचारत गिरणीपर्यंत.

टँकर मतदानाच्या दुसऱ्या दिवसापासून बंद आहे. सून परत विहिरीत उतरली. पायरीचा दगड निसटला. मांडीचं हाड मोडलं. पोटातलं बरं आहे, डॉक्टर म्हणाले. सरकारी दवाखान्यात ठेवलंय. लेक ऊसतोडीला गेलेला, अजून कळवायचंय.

मी तिला बसायला पोतं दिलं आणि परिस्थिती समजावली. टँकर माझा नव्हता. शब्द शेषेरावचा होता. डिझेलचा प्रॉब्लेम आहे. मी निवडून आलो असतो तर गोष्ट वेगळी होती. ती ऐकत होती, मान हलवत होती, जणू हे सगळं तिला आधीच माहीत होतं.

मग म्हणाली, “आप्पासायबानं फसवलं असतं तर काईच वाटलं नसतं. त्यो फसवतोच. मास्तर सांगूलाला होता का ह्ये टँकर टिकत न्हाई, मी त्याला म्हणलं, जा बाबा, नानानं सांगितलंय. नानानं कामून फसवलं, तेवढं सांगा मला.”

बाई रडली असती तर बरं झालं असतं. तिला जरा धीर यावा म्हणून मी नानाच्या आवाजात म्हणालो, मावशी, धुरपताची आण...

तिनं हात वर केला. “त्या आवाजात बोलू नगा.”

सिंधुनं तिला आत नेलं. जेवायला घातलं. रोज दवाखान्यात भाकरी पोचवायचं ठरवलं, मला न विचारता. संध्याकाळी मला म्हणाली, तहसीलला जाऊन ज्ञानोबा मास्तरसोबत बसा. मी म्हणालो, मला तिथं बघून लोक काय म्हणतील. ती म्हणाली, तुमाला कोण ओळखतंय.

आज जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१६ मार्च

तहसीलला गेलो. मास्तर सतरंजीवर होते. त्यांनी सरकून जागा दिली. निवडणुकीचं एक अक्षर काढलं नाही. त्यामुळे फार अवघडल्यासारखं झालं. दुपारपर्यंत बसलो. टँकरचा अर्ज पुढं सरकलाय, म्हणाले. मी विचारलं, कलावंतानं राजकारणात यावं की येऊ नये, तुमचं प्रामाणिक मत काय? ते विचार करून म्हणाले, “उन्हात बसायची तयारी असेल तर कुणीही यावं.”

ऊन लागल्यामुळे लवकर निघालो.

१९ मार्च, परभणी

नाना परत आणायचा. राजकारण हे माझं क्षेत्र नव्हतंच, मी जनतेच्या आग्रहाखातर गेलो होतो. कला हीच खरी सेवा.

केंद्रावर गेलो. साहेब मीटिंगमध्ये. सरजाबाई ड्युटीवरून थेट आल्या होत्या, त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, “भाऊ, नाना परत आलाय. मागच्या आठवड्यात.” मला कळेना. देगलूरकडचे एक रिटायर्ड ग्रामसेवक आहेत, संगप्पा म्हणून. आवाज चाचणीला आले होते. धुरपता एकटी किती दिवस बोलणार.

मी विचारलं, लोकांची पत्रं आली असतील, आवाज बदलला म्हणून. त्या बशीकडं बघत म्हणाल्या, “पत्रं आली. रुसवा गेला, बरं झालं, अशी.”

मी म्हणालो, मी पुढच्या महिन्यात चौकशी करीन. त्या म्हणाल्या, करा. मग मी केवळाबाईच्या सुनेचं सांगितलं, तर त्यांनी मांडीला प्लास्टर आहे की वजन लावलंय ते विचारलं. मला ते माहीत नव्हतं.

२३ मार्च, संध्याकाळ

वीज गेलेली. बायका रेडिओभोवती. केवळाबाई पण होती, सुनेसाठी ज्वारी दळायला आलेली, दळण वीज जायच्या आधीच झालेलं. मी आत वजनकाट्यामागं होतो.

‘नानाचा ओटा’ लागला. तो संगप्पा बोलायला लागला. मी टीकेच्या दृष्टीनं ऐकलं. ‘ळ’ जरा जड आहे. श्वास चुकीच्या जागी घेतो. त्यानं विहिरीचा गाळ काढायचं सांगितलं, धुरपतानं झापलं, बायका हसल्या.

केवळाबाई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं बाजूला विचारलं, मालक हायेत का घरात? मी बाहेर आलो. ती आवाजाच्या दिशेनं वळली.

“मालक, माझंच चुकलं,” म्हणाली. “तुमाला लई बोलले त्या दिवशी. तुमी नाना न्हवतेच. नाना हितं हाय, रेडूत. माझे कान गेलेत आता, मला वळखू आलं न्हाई.”

सिंधु दळणाचा डबा धरून तशीच उभी राहिली. मग तिनं डबा केवळाबाईच्या हातात दिला.

केवळाबाई डबा घेऊन उठली. दारात थांबली. तिला बहुतेक मला बरं वाटावं असं काहीतरी म्हणायचं होतं.

“पर नक्कल बरी करता तुमी.”

मी म्हणालो, हाव मावशी. थोडीफार येते.